थेंबांची खानेसुमारी

माझी आई भिलाईतील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि १९८१च्या जनगणनेपूर्वी घरयादीचे जे काम सरकारने शिक्षकांवर सोपविले, त्यात तिच्या वाट्याला कारखान्याच्या कुंपणापलीकडची एक वस्ती आली होती. सरकारी कागदांवर 'जनगणना' असा शब्द छापलेला असला, तरी वर्ध्याकडच्या आपल्या माहेरच्या सवयीने ती त्या कामाला खानेसुमारीच म्हणे. शाळेला सुटी असली की मी तिच्याबरोबर जात असे. माझ्या हाती गेरूचा डबा आणि काडीला चिंधी गुंडाळून केलेला कुंचला असे, आणि ती सांगेल तो क्रमांक मी दाराच्या चौकटीवर लिहीत असे. एके दिवशी एका कुलूपबंद घरासमोरून मी तशीच पुढे निघाले, तेव्हा तिने मला हाक मारून मागे बोलाविले.

"आई, इथं कोणी राहतच नाही," मी म्हणाले.

"राहत नाही, हेसुद्धा लिहायचं असतं बाळ. रिकामं घर सोडलंस, तर भरलेल्या घरांचा हिशेब चुकतो."

त्या वाक्याचा पुरता अर्थ ध्यानी येण्यास मला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. आणि तो आला, तो काचपट्टीवरच्या केसाएवढ्या अरुंद नळीतून एकामागोमाग एक धावत जाणारे थेंब पाहताना आला.

आमच्यासारखी कुटुंबे भिलाईत कशी आली, ही हकीकत पोलादाच्या हकीकतीपासून वेगळी काढता येत नाही. छत्तीसगडचा मुलूख १८५४ साली खालसा होईपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असल्यामुळे रायपूर-दुर्गकडे मराठी घराणी पूर्वीपासून होतीच. परंतु १९५५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि विदर्भातील कितीतरी तरुण नागपूर-गोंदियावरून दुर्गकडे येणाऱ्या गाडीत बसून येथे नोकरीवर रुजू झाले. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, त्यांतलेच एक. कारखान्याच्या रसायनशाळेत त्यांनी आपली सारी हयात घालविली. भट्टीतील रसरसत्या पोलादातून लांब दांड्याच्या पळीने घोटभर रस काढावा, तो थिजला की त्याचा कीस पाडून त्यातील कार्बन, मँगेनीज, गंधक आणि फॉस्फरस यांचे प्रमाण ठरवावे, आणि त्या आकड्यांवरून शेकडो टन पोलादाचा निवाडा व्हावा, हा तेथला रोजचा शिरस्ता होता. उकळून आणि घुसळून एकजीव झालेल्या रसाची एक पळी साऱ्या घाण्याची साक्ष देते, असा अप्पांचा विश्वास होता, आणि पोलादाच्या बाबतीत तो यथार्थही होता. रक्ताच्या बाबतीत मात्र तो पुरत नाही, हे मी त्यांच्या मुलीने पुढे शिकावयाचे होते.

रक्ताकडे माझे लक्ष प्रथम वेधले, ते माझ्या बाकावर बसणाऱ्या एका मैत्रिणीमुळे. थंडीच्या आणि पावसाच्या दिवसांत ती आठ-आठ दिवस शाळेत येत नसे. आली की डोळ्यांत किंचित पिवळी झाक असे, आणि गुडघे धरून ती हळूहळू बसत असे. आमच्या वर्गशिक्षिकांच्या मते तो निव्वळ कामचुकारपणा होता. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दाटत गेल्या, वर्षाखेरीस तिचे नाव पटावरून कमी झाले, आणि पुढे दोन वर्षांनी ती गेल्याचे कळले. घराघराची नोंद करणारी माझी आईसुद्धा त्या रिकाम्या चौकोनांचा अर्थ लावू शकली नाही, ही खंत तिने उतारवयात माझ्यापाशी एकदा बोलून दाखविली होती.

तो आजार सिकल सेलचा होता, असे आता मागे वळून पाहताना मला खात्रीने वाटते. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या त्या रक्तपेशींचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा रेणूचाच आजार असल्याचे दाखविले. आणि १९५७ साली व्हर्नन इनग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसल्याने एवढा अनर्थ होतो, हे सिद्ध केले. डीएनएच्या भाषेत सांगावयाचे तर बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा, 'ए'च्या जागी 'टी'चा, एवढाच काय तो फेरफार. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या वैद्यांनी मध्य भारतातील त्याचे अस्तित्व 'लॅन्सेट'मध्ये नोंदविले. नागपूरहून भिलाईस गाडीने काही तासांत येता येते. तरीही छापील पानावरचे ते ज्ञान वीस-बावीस वर्षांनंतरही माझ्या मैत्रिणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले नव्हते. आज परिस्थिती पालटली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस प्रारंभ झाला असून, आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७पर्यंत हा आजार निपटून काढण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. छत्तीसगड आणि विदर्भ हे दोन्ही प्रदेश या आजाराच्या पट्ट्यात येतात. त्यामुळे माझे माहेर आणि माझे आजोळ या दुःखाच्या नात्यानेही एकमेकांशी बांधलेले आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एखादी व्यक्ती सिकल सेलची वाहक आहे की रुग्ण, हे ठरविण्यास, मी आज ज्यावर काम करते त्या थेंबांच्या तंत्राची मुळीच आवश्यकता नाही. ते काम बोटावरच्या रक्ताच्या थेंबाने होणारी साधी चाचणी आणि नंतरचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी उत्तम रीतीने करतात. प्रश्न बिकट होतो तो दोन जीवांचे डीएनए एकाच रक्तात मिसळलेले असते तेव्हा. गर्भवतीच्या रक्तद्रवात गर्भाच्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. आई वाहक असेल, तर तिच्या स्वतःच्या डीएनएत या जनुकाच्या निरोगी आणि सदोष प्रती समसमान असतात. त्या रक्तद्रवात गर्भाचा वाटा दहा टक्के धरला, तर गर्भही वाहक असताना तराजू बरोबर मध्यावर राहतो. गर्भ रुग्ण असेल तर सदोष प्रती शेकडा पंचावन्न भरतात, आणि पूर्ण निरोगी असेल तर पंचेचाळीस. साऱ्या निर्णयाचा भार या पाचांच्या फरकावर असतो, आणि शंभर प्रती मोजल्या तर एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. हजारो प्रती मोजल्या तरच तो विश्वासार्ह ठरतो. अप्पांच्या पळीने सरासरी कळते. येथे मात्र प्रत्येक रेणूला एकांतात बोलावून त्याची जबानी घ्यावी लागते.

जबानी एकांतात घेण्याची युक्ती मुळात साधी आहे. डीएनएचे द्रावण इतके विरळ करावे आणि त्याचे इतके लहान वाटे करावे की बहुतेक वाट्यांत एक रेणू येईल किंवा एकही येणार नाही. मग पीसीआरने प्रत्येक वाट्यातील रेणू लक्षावधींनी वाढवावा, आणि कोणता वाटा उजळला व कोणता अंधारा राहिला, एवढेच पाहावे. बर्ट व्होगेलस्टाइन आणि केनेथ किंझलर यांनी १९९९ साली या पद्धतीस 'डिजिटल पीसीआर' हे नाव दिले, तेव्हा हे वाटे प्लास्टिकच्या ताटलीतील खळग्यांत घालावे लागत. पुढे खळग्यांची जागा तेलात तरंगणाऱ्या थेंबांनी घेतली, आणि २०११ साली वीस मायक्रोलिटर द्रावणाचे सुमारे वीस हजार थेंब करणारे यंत्र जगापुढे आले. म्हणजे एक थेंब सुमारे एक नॅनोलिटरचा, मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या व्यासाचा; आणि तशी वीस हजार घरे अश्रूच्या एका थेंबाहूनही कमी जागेत.

ते यंत्र भिलाईतील आमच्या प्रयोगशाळेला परवडणारे नव्हते, आणि त्याहून मोठे कारण असे की तयार यंत्र मोजते, परंतु मोजून झालेल्यांतून हवा तो थेंब बाजूला काढून हाती देत नाही. म्हणून थेंब पाडणाऱ्या अरुंद नळ्यांच्या चिपा आम्ही आमच्याच हातांनी करावयाचे ठरविले. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने उठविलेला साचा असतो. त्यावर सिलिकोन रबराचे पाकासारखे दाट द्रव्य, दहा भागांस एक भाग घट्टीकारक घालून, ओतावयाचे. त्यातील हवेचे बुडबुडे निर्वातपात्रात काढावयाचे. ओव्हनमध्ये काही तास ठेवून ते पक्के करावयाचे. मग भोके पाडून, ऑक्सिजनच्या प्लाझ्माखाली क्षणभर धरून, ते काचपट्टीवर चिकटवावयाचे. या कामात सबुरी लागते, आणि भिलाईत ती अधिकच लागते. कारण लोखंडाच्या गावातील धूळ कितीही दारे लावली तरी आत येते, आणि शंभर मायक्रॉनच्या नळीत धुळीचा एक कण म्हणजे भररस्त्यात कोसळलेला वटवृक्ष. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की तेल पातळ होते, आणि सकाळी नीट बसविलेला प्रवाह दुपारी पुन्हा बसवावा लागतो.

चिपेत पाण्याची धार मधून येते, तेलाच्या दोन धारा दोन्ही अंगांनी तिला चिमटीत धरतात, आणि त्या अरुंद जागी ती तुटून तिचे थेंब होतात. बुंदी पाडताना झाऱ्यातून कळ्या पडतात, आणि पीठ सरळ उतरले नाही तर त्या लहानमोठ्या होतात, हे पाहिलेल्या माणसाला ही क्रिया समजावून सांगावी लागत नाही. थेंब एकमेकांस चिकटून एक होऊ नयेत म्हणून तेलात साबणाच्या जातीचे एक द्रव्य घातलेले असते. पीसीआरमध्ये चाळीस वेळा पंच्याण्णव अंशांवर तापून पुन्हा साठ अंशांवर येताना त्या पातळ पापुद्र्याच्या बळावरच थेंब टिकून राहतो. द्रावणात दोन रंगांचे शोधक घातलेले असतात. निरोगी प्रत सापडली तर थेंब हिरवा उजळतो, सदोष सापडली तर पिवळा. पहिल्यांदा ते थेंब लेसरखालून ओळीने जाताना पडद्यावर एकेक उंच रेघ उमटू लागली, तेव्हा मी कितीतरी वेळ काही न लिहिता नुसती पाहत उभी राहिले होते.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र सगळे बिघडले. थेंब सारखे पडेनात. पाणी नळीच्या भिंतीला चाटून जाऊ लागले, थेंब एकमेकांत मिसळू लागले, आणि मोजणी प्रत्येक वेळी अपेक्षेहून कमी भरू लागली. दोन घरांमधील भिंत पडून एक घर झाले की खानेसुमारीत दोन कुटुंबे एकच म्हणून नोंदली जातात, तसा तो प्रकार होता. मी साबण बदलला, पंप उघडून पाहिले, तेलाची नवी बाटली मागविली. दीड महिना गेला, आणि माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे उतरत गेले. एके सकाळी आमच्या प्रयोगशाळेतील मदतनीस, जवळच्याच एका खेड्यातील साठीकडे झुकलेला गृहस्थ, कपाट पुसता पुसता थांबला आणि एक कुपी माझ्यापुढे धरून म्हणाला की, मॅडम, उघड्या राहिलेल्या चुन्याच्या डबीला कड धरते, तशी हिला धरली आहे. प्लाझ्माखाली धरल्यावर रबराची भिंत पाण्याला जवळ करू लागते. तिने पुन्हा पाण्याला दूर ठेवावे म्हणून तिच्यावर फ्लोरिनयुक्त सिलेनचा लेप द्यावा लागतो, आणि हे द्रव्य हवेतील दमटपणाने नासते. छत्तीसगडच्या श्रावणात ती कुपी आम्ही रोज उघडीत होतो. त्यानंतर ते द्रव्य लहान लहान कुप्यांत भरून, कोरड्या पात्रात ठेवून, प्रत्येक कुपी एकदाच उघडण्याचा नियम आम्ही केला, आणि थेंब पुन्हा ओळीला लागले. त्या गृहस्थाने आयुष्यात एकही शोधनिबंध वाचला नव्हता. पण रोजच्या वस्तूत आज काय वेगळे आहे, हे पाहण्याची जी दृष्टी प्रयोगशाळेत सर्वांत दुर्मीळ असते, ती त्याच्यापाशी होती.

आता त्या रिकाम्या घरांविषयी. रेणू काही थेंबांत शिस्तीने एकेक करून शिरत नाहीत. ते पावसाच्या सरीसारखे कोठेही पडतात, आणि म्हणून एखाद्या थेंबात दोन किंवा तीनही येतात. उजळलेला थेंब 'आत कोणीतरी आहे' एवढेच सांगतो, किती आहेत ते सांगत नाही. म्हणून उजळलेले थेंब मोजून रेणूंची संख्या मिळत नाही. ती मिळते रिकाम्या थेंबांच्या प्रमाणावरून. सिमेओं पोआसाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली न्यायालयांच्या निकालांविषयीच्या ग्रंथात मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. वीस हजारांपैकी दहा हजार थेंब उजळले, तर रेणू दहा हजार असतील असे भोळ्या मनाला वाटते. परंतु निम्मी घरे रिकामी राहण्यासाठी मुळात सुमारे तेरा हजार आठशे साठ रेणू यावे लागतात, असे पोआसाँचे गणित सांगते. मराठीत 'शिरगणती' आणि 'खानेसुमारी' असे दोन शब्द आहेत, आणि आपण ते सरसकट एकाच अर्थाने वापरतो. मला मात्र या कामाने त्यांतील भेद शिकविला. शिरे मोजता येत नाहीत तेथे खाने मोजावे, आणि त्यांतले ओस किती यावरून शिरांचा अंदाज बांधावा. हे मी आईला समजावून सांगितले, तेव्हा ती ऐंशी पार झाली होती. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारले, "मग रिकामी सगळी लिहितेस ना? एकही न सोडता?"

एकही न सोडणे सोपे नसते. पुरता उजळलेला आणि पुरता अंधारा, यांच्यामध्ये मंद उजळलेले काही थेंब नेहमी राहतात. या क्षेत्रातील लोक त्यांना 'रेन', म्हणजे पाऊस, असेच म्हणतात. त्यांना कोणत्या बाजूस टाकावे, याची सीमारेषा मोजणीपूर्वी आखली पाहिजे, आणि तीही डीएनए न घातलेल्या नमुन्यावरून. निकाल पाहून झाल्यावर ती हलविली, तर यंत्र आपल्याला हवे ते बोलू लागते. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने एकदा ती रेघ केसभर खाली आणली, आणि पंचावन्न-पंचेचाळिसाचे मिश्रण आमच्या अपेक्षेप्रमाणे अचूक दिसू लागले. मी त्याला रागावले नाही. तो सारा संच पुन्हा मोजावयास लावला. ते मिश्रण आम्हीच तयार केलेले होते, त्याचे उत्तर आम्हाला आधीच ठाऊक होते. परंतु उद्या या पद्धतीपुढे ज्या आईचे रक्त येईल, तिचे उत्तर कोणालाच ठाऊक नसणार, आणि तिच्या बाबतीत त्या केसभर रेघेचे मोल काय होईल, एवढेच मी त्याला विचारले.

मोजणीच्या पुढची पायरी निवडीची. थेंब लेसरखालून गेला, त्याचा प्रकाश विशिष्ट मर्यादेहून अधिक भरला, की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात विद्युत्क्षेत्र चालू होते, आणि तो थेंब पुढच्या फाट्यावर अरुंद नळीकडे ओढला जातो. ज्यांना कोणी ओढीत नाही ते रुंद नळीने आपसूक निघून जातात. अशा रीतीने सेकंदाला काही शे थेंब निवडून, हव्या त्या प्रतीचेच थेंब एका कुपीत जमवून, ते फोडून आतील डीएनएची अक्षरे वाचता येतात. लाखांतून मूठभर वेगळे काढणारी ही चाळणी कर्करोगाच्या गाठीतून रक्तात सुटलेल्या विरळ तुकड्यांपर्यंत पोहोचण्याचाही मार्ग आहे, आणि आमच्या कामाची पुढली दिशा तीच आहे.

गर्भाविषयीच्या तपासणीबाबत मात्र मी नेहमी सावधपणे बोलते. आपल्या देशात १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदानास बंदी घातली आहे, आणि हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीस परवानगी दिली आहे. पण ती नोंदणीकृत ठिकाणी, आईच्या संमतीने, आणि अटींवर. आमच्या प्रयोगशाळेत अद्याप कोणाच्याही गर्भाचा प्रश्न आलेला नाही. आम्ही ज्ञात मिश्रणेच मोजतो, आणि पद्धत जोवर शंभरपैकी शंभर वेळा खरी बोलत नाही तोवर ती पायरी चढण्याची मला घाई नाही. त्यातही, आईबापांनी त्या उत्तराचे काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार थेंबांना नाही आणि आम्हालाही नाही. सिकल सेलचा रुग्ण हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने आणि वेळच्या वेळी मिळालेल्या उपचाराने पुष्कळ सुसह्य आयुष्य जगू शकतो. माझ्या मैत्रिणीला या गोष्टी मिळाल्या असत्या, तर ती आज माझ्याच वयाची असती.

प्रयोगशाळेत मी एक जाड कापडी बांधणीची नोंदवही ठेवली आहे. संगणकात सगळे असतेच. तरी प्रत्येक चिपेची नोंद हातानेही करावी, असा माझा हट्ट आहे, आणि विद्यार्थी आता तो हसतमुखाने पाळतात. पहिल्या रकान्यात चिपेचा क्रमांक, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात एकूण थेंब, चौथ्यात रिकामे, आणि त्यानंतर हिरवे, पिवळे व दोन्ही रंगांचे. फुटलेल्या, तुंबलेल्या आणि फसलेल्या चिपाही त्यात आहेत. त्या पावसाळ्यातील दीड महिन्याची पाने मी फाडलेली नाहीत. आई गेल्यानंतर तिच्या ट्रंकेत तिच्या शाळेचे काही जुने कागद सापडले, त्यांत हजेरीपटाचे एक सुटे पान होते. कोणा अनोळखी मुलांची नावे, आणि त्यांपुढे महिनाभराचे चौकोन. ते पान मी त्या नोंदवहीच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटविले आहे. नवीन विद्यार्थी आला की तो ते काय म्हणून विचारतो, आणि मी त्याला आधी त्यातले रिकामे चौकोन मोजावयास सांगते.